वादळी वाऱ्यात जहाज उभं कुठे करायचं? या एका प्रश्नाच्या उत्तरावर कान्होजी आंग्रेंनी कोकण किनारा राखला

मे महिन्यातली संध्याकाळ. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात अचानक वळवाचा वारा सुटतो. सूतगिरणी चौकातले फ्लेक्स फाटतात, पत्रे वाजतात, धुळीने डोळे भरतात. आपण काय करतो? गाडी एखाद्या शेडखाली लावतो, दुकानाच्या पायरीवर उभे राहतो आणि वारा पडायची वाट बघतो. अर्ध्या तासाने घरी.

आता हाच वारा समुद्रात सुटला तर?

तिथे शेड नाही, पायरी नाही. बोट भर पाण्यात आहे आणि वारा तिला किनाऱ्यावरच्या खडकांकडे ढकलतोय. अशा वेळी खलाशी नांगर टाकतो आणि तो धरून राहील, अशी आशा करतो. म्हणून तर आजही बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की मच्छीमार जवळची खाडी गाठतात. देवगड बंदरात गुजरात, कर्नाटकच्या बोटी आश्रयाला आल्याच्या बातम्या दरवर्षी येतात त्या याचमुळे.

गारखेड्यापासून समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या पुढे. तरी ही गोष्ट आपल्याही कामाची आहे. कारण तीनशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने वाऱ्यात जहाज उभं कुठे करायचं याचं गणित बसवलं होतं, आणि त्या जोरावर इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि सिद्दी या चौघांशी टक्कर घेतली होती.

त्यांचं नाव सरखेल कान्होजी आंग्रे.

आधी नांगराचं साधं गणित समजून घेऊ

आपल्याला वाटतं की नांगर जड असतो म्हणून जहाज जागेवर राहतं. खरं तर वजनाचा वाटा कमी असतो. नांगराचा आकडा समुद्राच्या तळात रुततो आणि तो जहाजाला धरतो. शेतातला नांगर जमिनीत घुसतो ना, तसंच.

पण आकडा रुतायचा तर दोर आडवा ओढला गेला पाहिजे. दोर वरून सरळ ताणला तर आकडा उचकटून बाहेर येतो. म्हणून खलाशी पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट लांब दोर सोडतात. दहा मीटर पाणी असेल तर पन्नास ते सत्तर मीटर दोर. वारा वाढला की आणखी सोडायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे तळ. चिखलात किंवा घट्ट वाळूत आकडा छान बसतो. खडकावर तो एक तर घसरत जातो, नाही तर कपारीत अडकून कायमचा राहतो.

तिसरी गोष्ट म्हणजे जागा. नांगरलेलं जहाज वाऱ्याबरोबर गोल फिरतं. आजूबाजूला खडक असतील, दुसरी जहाजं असतील तर टक्कर ठरलेली.

आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे आडोसा. समोर डोंगर किंवा भूशिर असेल तर लाटा तिथेच फुटतात आणि जहाज तग धरतं. उघड्या समुद्रात मात्र लाटेच्या प्रत्येक हिसक्याला दोर ताणला जातो. नांगर सरकायला लागला आणि वारा किनाऱ्याकडे असला की मोठ्या शिडाच्या जहाजाची सुटका अवघड.

कोकणचा किनारा सगळा पश्चिमेकडे उघडा आहे. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा थेट अंगावर येतो. म्हणजे या किनाऱ्यावर जहाजं किती आहेत यापेक्षा आडोशाच्या खाड्या कोणाच्या ताब्यात आहेत, हा प्रश्न मोठा ठरतो. कान्होजींची सगळी कारकीर्द समजून घ्यायची तर इथून सुरुवात करावी लागते.

आरमारातच वाढलेलं पोर

कान्होजींचा जन्म 1669 च्या सुमाराचा. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून पुढे आंग्रे झालं. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. म्हणजे मुलाचं बालपण समुद्राच्या सोबतीने गेलं.

वाऱ्यापुढे कोणाचं चालत नाही, हे महाराजांनीही अनुभवलं होतं. 1665 च्या फेब्रुवारीत ते आरमार घेऊन कर्नाटकातल्या बसरूरवर गेले. मोहीम फत्ते झाली, पण परत येताना वायव्येच्या जोरदार वाऱ्याने त्यांची वाट बरेच दिवस अडवून धरली.

पुढे 1679 मध्ये, कान्होजी दहाएक वर्षांचे असताना, महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांना हे परवडणारं नव्हतं. त्यांनी बेटाला वेढा घालायला जहाजं पाठवली. गंमत अशी की मोठी जहाजं इंग्रजांकडे असूनही मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री वल्ही मारत बेटावर सामान पोहोचवत राहिल्या. इंग्रजांच्या शिडाच्या जहाजांना वाऱ्याची वाट बघावी लागायची, होड्यांना नाही. ऑक्टोबरमध्ये मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराने इंग्रजांवर हल्ला चढवला आणि त्यांचं डव्ह नावाचं जहाज पकडलं. किल्ला उभा राहिला तो राहिलाच.

छोटी, उथळ, वल्ह्यांची जहाजं आणि पाठीशी पक्का आसरा. हा धडा कान्होजींनी पुढे आयुष्यभर वापरला.

पहिली परीक्षा सुवर्णदुर्गावर

1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. औरंगजेब दख्खनमध्ये तळ ठोकून होता. ज्याच्या नावाने आपलं शहर पुढे कैक वर्षं ओळखलं गेलं आणि ज्याची कबर इथून जवळच खुलताबादला आहे, तोच हा बादशहा. जमिनीवर त्याच्या फौजा एकेक किल्ला घेत होत्या आणि समुद्रावर त्याच्या बाजूने लढत होता जंजिऱ्याचा सिद्दी.

त्या धामधुमीतली एक हकीकत सांगितली जाते. हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूला फितूर व्हायच्या बेतात होता. तरुण कान्होजींनी पुढाकार घेऊन त्याला बाजूला केलं आणि किल्ला स्वतः लढवला. तपशील वेगवेगळे सांगितले जातात, पण एवढं खरं की त्यानंतर त्यांचं नाव झपाट्याने वर आलं. 1698 मध्ये छत्रपती राजारामांच्या काळात ते सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख झाले. अलिबागचा कुलाबा किल्ला त्यांचं मुख्य ठाणं बनला.

आता कुलाबा बघितलाय? ओहोटीला तिथे चालत जाता येतं आणि भरतीला चहूबाजूंनी पाणी. भोवती खडप. ज्याला तिथली वाट पाठ आहे तो आत शिरतो, ज्याला नाही त्याचं जहाज फुटतं.

जहाजं बांधली तीही वारा बघून

कान्होजींच्या ताफ्यात मुख्य दोन प्रकार होते, गुराब आणि गलबत.

गुराब मोठी. दोन किंवा तीन डोलकाठ्या, साधारण दीडशे ते चारशे टन, पुढच्या निमुळत्या टोकावर समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत लहान आणि हलकं. त्याला शीड तर असायचंच, पण चाळीस-पन्नास वल्हीही असायची.

या वल्ह्यांचं महत्त्व समजायला शाळेतला भूगोल आठवा. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे येतात, रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. आणि या दोन्हींच्या मध्ये काही वेळ वारा पडतो. त्या वेळी समुद्रातलं भलंमोठं युरोपियन जहाज शिडं लोंबकळत जागच्या जागी उभं राहायचं.

नेमक्या अशा वेळी खाडीतून गलबतं वल्ही मारत बाहेर यायची, गुराबांना दोराने ओढत पुढे आणायची आणि शत्रूला पाठीमागून गाठायची. मोठ्या जहाजाच्या तोफा बहुतेक दोन्ही बगलांना असतात, पिछाडीला फार कमी. वारा नसल्यामुळे त्याला वळताही यायचं नाही.

आणि वारा चढला, समोरचं जहाज भारी पडायला लागलं की? हा ताफा परत खाडीत. तिथे पाणी उथळ, वाट अवघड आणि वर किल्ल्याच्या तोफा. मोठं जहाज आत येऊ शकत नाही आणि बाहेर उघड्यावर फार दिवस थांबूही शकत नाही.

यातलं लढणं जितकं महत्त्वाचं, तितकंच परत येऊन सुरक्षित उभं राहणंही महत्त्वाचं होतं.

समुद्र कोणाचा?

कान्होजींचं म्हणणं सरळ होतं. हा किनारा छत्रपतींचा आहे, इथून जायचं तर आमचं दस्तक घ्या, म्हणजेच परवाना. पोर्तुगीज आणि इंग्रज स्वतः हिंदुस्थानी व्यापाऱ्यांना असेच परवाने विकत होते. पण तेच कान्होजींनी मागितल्यावर त्यांनी त्यांना चाचा ठरवलं. इंग्रजांच्या कागदपत्रांत पुढे कायम हाच शब्द वापरला गेला. खरं तर ते एका राज्याने नेमलेले आरमार प्रमुख होते आणि तह करत होते तेही त्याच हक्काने.

1712 मध्ये त्यांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची खासगी नौकाच पकडली. नौकेवरच्या इंग्रज महिलेची सुटका करायला इंग्रजांना तीस हजार रुपये मोजावे लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी कान्होजींशी तह केला.

इकडे घरातही वादळ होतं. औरंगजेबानंतर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि ताराबाई विरुद्ध शाहू असा संघर्ष पेटला. कान्होजी ताराबाईंच्या बाजूने होते. त्यांच्यावर चालून आलेल्या पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांनाच त्यांनी कैद केलं. मग शाहूंनी बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद दिलं आणि कान्होजींकडे पाठवलं. बाळाजींनी तलवारीऐवजी बोलणी केली. 1714 च्या सुमारास तह झाला. कान्होजी शाहूंच्या बाजूला आले, सरखेलपद कायम राहिलं आणि महत्त्वाची ठाणी त्यांच्याकडे राहिली.

या ठाण्यांची यादी बघा. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, जयगड, विजयदुर्ग, देवगड. नकाशावर उत्तरेकडून दक्षिणेकडे बोट फिरवा. मुंबईच्या तोंडापासून सिंधुदुर्गापर्यंत ठरावीक अंतरावर एकेक आसरा. वारा कुठेही गाठो, आंग्र्यांच्या जहाजाला थांबायला जागा आहे. आणि शत्रूच्या जहाजासाठी तीच जागा बंद आहे.

विजयदुर्ग, म्हणजे वाऱ्यातलं घर

या साखळीतली सगळ्यात भारी कडी म्हणजे विजयदुर्ग. वाघोटण खाडीच्या मुखाशी, भूशिरावर उभा असलेला तिहेरी तटाचा किल्ला. समुद्राच्या लाटा किल्ला आणि टेकड्या अंगावर घेतात, त्यांच्या मागे खाडीत पाणी शांत. पश्चिम किनाऱ्यावरच्या उत्तम नैसर्गिक बंदरांत याची गणना होते.

खाडीत आत गेलं की गिर्ये गावाजवळ खडक खोदून केलेली गोदी आहे. सुमारे 109 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की तळ दुरुस्त करायचा. तिचे अवशेष आजही दिसतात.

पावसाळ्यात इथला समुद्र शिडाच्या जहाजांसाठी बंदच. जहाजं आत ओढायची, डागडुजी करायची, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहायचा आणि वारा उतरला की पुन्हा बाहेर पडायचं. आंग्र्यांची गोदी, दारूगोळा, खलाशी आणि आडोसा सगळं एकाच खाडीत होतं. किनाऱ्यावर चालून येणाऱ्या शत्रूला मात्र पावसाळ्याआधी आपल्या बंदरात परतणं भाग असायचं.

एकामागून एक चार मोहिमा

1715 च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. त्याने मुंबईभोवती तट बांधला, नवी लढाऊ जहाजं बांधली आणि कान्होजींना संपवायचंच असं ठरवलं.

एप्रिल 1717 मध्ये इंग्रजांचा ताफा विजयदुर्गासमोर आला. तोफा डागल्या, शिपाई किनाऱ्यावर उतरवले. तट हलला नाही. नुकसान सोसून ताफा परत गेला. तसाही पावसाळा दोन महिन्यांवर आला होता.

1718 मध्ये खांदेरीवर हल्ला झाला. बेट छोटं, पण उतरायच्या जागा अवघड. खडक, फुटणाऱ्या लाटा आणि वरून मारा. तोही फसला.

1720 मध्ये पुन्हा विजयदुर्ग. या वेळी इंग्रजांनी खास एक तरंगता तोफखाना बांधून आणला होता. नाव फ्राम. जाड लाकडी भिंती, सपाट तळ, मोठ्या तोफा. कल्पना अशी की उथळ पाण्यात किल्ल्याजवळ जाऊन मारा करायचा. म्हणजे आडोसा नसेल तर आपली भिंत आपणच घेऊन जाऊ. पण तिच्या माऱ्याने किल्ल्याला धक्का लागला नाही.

डिसेंबर 1721 मध्ये सगळ्यात मोठी चढाई झाली. इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज राजाच्या युद्धनौका घेऊन आला, गोव्याहून पोर्तुगीज व्हाइसरॉय आला आणि दोघे मिळून कुलाब्यावर चालून गेले. पण इथे शाहूंशी केलेला तह कामाला आला. बाजीराव आणि पिलाजी जाधव यांच्या फौजा जमिनीवरून मदतीला धावल्या. हल्ला फसला. पोर्तुगीजांनी इंग्रजांना सोडून मराठ्यांशी वेगळा तह केला, आणि बून मुंबई सोडून इंग्लंडला निघून गेला.

1724 मध्ये डचांनी विजयदुर्गावर प्रयत्न करून पाहिला. निकाल तोच.

याचं श्रेय एकट्या वाऱ्याला देणं चुकीचं होईल. भक्कम तट, कुशल गोलंदाज, कोळी-भंडारी खलाशांची मेहनत आणि शत्रूच्या आपापसातल्या कुरबुरी हे सगळं त्यात होतं. कान्होजींनी तर युरोपियन लोकांनाही नोकरीत ठेवलं होतं. पण प्रत्येक वेळी एक गोष्ट सारखी होती. हल्ला करणारा उघड्या पाण्यात नांगर टाकून उभा होता आणि आंग्रे आडोशाला होते. कान्होजींनी फक्त टिकून राहायचं होतं. शत्रूला तेवढ्यात जिंकायचं होतं.

4 जुलै 1729 रोजी कान्होजींचं निधन झालं. बाहेर पावसाळा होता आणि समुद्र बंद होता. ते हयात असेपर्यंत कुलाबा, विजयदुर्ग किंवा खांदेरी कोणाला घेता आली नाही.

आणि मग आसराच सापळा झाला

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

कान्होजींच्या मागे त्यांच्या मुलांत भाऊबंदकी सुरू झाली. आरमार वाटलं गेलं. विजयदुर्ग पुढे तुळाजी आंग्रेंकडे आला. ते शूर होते, पण त्यांचं आणि पेशवे नानासाहेबांचं बिनसलं. ते इतकं विकोपाला गेलं की पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध चक्क इंग्रजांशी हातमिळवणी केली. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग पडला.

फेब्रुवारी 1756 मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. दुपारी समुद्राकडून येणारा वारा सुटला आणि त्या वाऱ्यावर इंग्रजांच्या युद्धनौका सरळ खाडीच्या मुखात शिरल्या. आंग्र्यांचा ताफा किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून उभा होता. वादळात अशी बांधलेली जहाजं एकमेकांना धरून राहतात. त्या दिवशी मात्र एका जहाजावर तोफेचा जळता गोळा पडला. आग एका दोरावरून दुसऱ्या दोरावर, एका डोलकाठीवरून दुसऱ्या डोलकाठीवर गेली. बघता बघता सगळा ताफा जळाला. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

ज्या आसऱ्याने एकामागून एक मोहिमा परतवल्या, त्याच आसऱ्यात मराठी आरमाराचा सगळ्यात बळकट भाग राख झाला. फरक काय होता? 1721 मध्ये कुलाब्यामागे छत्रपतींची फौज उभी होती. 1756 मध्ये विजयदुर्गाच्या मागच्या बाजूला, जमिनीवर, पेशव्यांची फौज होती, पण ती इंग्रजांच्या बाजूने. समुद्राकडचा वारा अडवायला भूशिर होतं. पाठीमागून सुटलेला वारा अडवायला काहीच नव्हतं.

आज काय उरलंय?

अलिबागला कान्होजींची समाधी आहे. मुंबईत भारतीय नौदलाचा तळ त्यांच्या नावाने ओळखला जातो, आयएनएस आंग्रे. ज्या खांदेरीवरून एवढ्या लढाया झाल्या, तिथलं दीपगृहही त्यांच्याच नावाचं आहे. मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांना ते आजही रात्री वाट दाखवतं. एकेकाळी ज्यांना चाचा म्हटलं गेलं त्यांच्या नावाचा दिवा आज सगळ्या देशांच्या जहाजांसाठी जळतो.

पुढच्या वेळी कोकणात गेलात तर विजयदुर्गाच्या तटावर जरा वेळ थांबा. पश्चिमेकडे बघा, लाटा खडकांवर आपटत असतील. मग मागे वळून खाडीकडे बघा. तिथे मच्छीमारांच्या होड्या जवळजवळ न हलता उभ्या दिसतील. मधे फक्त एक किल्ला आणि थोडी जमीन. कान्होजींनी आयुष्यभर तेवढीच जागा राखली.